लेकीच्या वाटेत १९४२

पत्र (थोडक्यात): मी सातारा जिल्ह्यातला, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालोय. थोरला मुलगा भरतीची तयारी करतो. धाकटी मुलगी सायन्सला, बारावीत ७१ टक्के. नीट दिली आहे, पण एमबीबीएसला लागतील एवढे मार्क नाहीत. तिला मिलिटरी नर्सिंगच करायचंय. मी नको म्हणतो. परवा मोबाइलवर दुसऱ्या महायुद्धातल्या नर्सचा व्हिडिओ पाहिला. जपान्यांनी त्यांना धरून नेलं, काहींना समुद्रात उभं करून गोळ्या घातल्या. मुलीच्या जातीला कैदेत काय सोसावं लागतं हे वेगळं सांगायला नको. तिच्या मामांनी एक चांगलं स्थळही आणलंय. तिला डीएमएलटीसारखं (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) घराजवळचं काहीतरी सुचवा. आणि तुमच्याकडून 'नाही' म्हणून कळवा, म्हणजे ती ऐकेल.

हवालदारसाहेब, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून तुम्हाला लेकीच्या इच्छेवर नेम धरायचा आहे. तो खांदा मी देणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

फुलस्केपची तुमची दोन पानं मी तीनदा वाचली. त्यात टक्के आहेत, मामा आहेत, स्थळ आहे, १९४२ सालचे जपानी आहेत. तिचं स्वतःचं एक वाक्यही नाही. तिला नर्सिंग का हवंय, कधीपासून हवंय, तुम्ही नाही म्हटल्यावर ती काय म्हणाली, यातलं काहीच नाही. थोरल्याबद्दल मात्र तुम्ही अर्धं पान लिहिलंय: पहाटे उठून पळतो, छाती किती फुगते, सोळाशे मीटरला किती वेळ लागतो. त्याला शत्रूनं धरून नेलं तर, हा विचार तुमच्या मनात आला नाही. १९७१ साली पाकिस्तानच्या कैदेत गेलेले आपले जवान आणि वैमानिक कुणाचे तरी मुलगेच होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणजे भीती कैदेची नाही. भीती 'मुलीच्या जातीची' आहे, आणि तो शब्द तुमचाच आहे.

तो व्हिडिओ मी पाहिलेला नाही, पण हकीकत मला माहीत आहे. तुमच्यापर्यंत ती अर्धीच पोचलीय. उरलेली सांगते, कारण तुम्ही ज्या अर्ध्यावर निर्णय घेताय तो दुसऱ्या अर्ध्यात टिकत नाही.

सिंगापूर पडायच्या बेतात होतं तेव्हा ६५ ऑस्ट्रेलियन नर्सना 'व्हायनर ब्रूक' नावाच्या जहाजातून बाहेर काढलं. १४ फेब्रुवारी १९४२ ला जपानी विमानांनी ते सुमात्राजवळ बुडवलं. बारा जणी समुद्रातच गेल्या. बावीस जणी बांका बेटाच्या किनाऱ्यावर जखमींना सांभाळत थांबल्या होत्या. १६ तारखेला जपानी सैनिकांनी त्यांना पाण्यात चालायला लावलं आणि मागून मशीनगन चालवली. एकवीस जणी मेल्या. व्हिव्हियन बुलविंकल ही एकटी, गोळी आरपार गेलेली, मेल्याचं सोंग घेऊन लाटांवर तरंगत राहिली. पुढचे बारा दिवस ती जंगलात लपली. तेव्हाही तिच्या हाताशी एक जखमी ब्रिटिश सैनिक होता आणि ती त्याची शुश्रूषा करत होती. दुसरा मार्ग उरला नाही तेव्हा दोघं शरण गेले.

छावणीत तिला बाकीच्या मैत्रिणी भेटल्या. किनाऱ्यावर काय घडलं हे जपान्यांना कळलं असतं तर साक्षीदार म्हणून तिला मारलं असतं. त्या एकतीस जणींनी साडेतीन वर्षं तोंडातून अक्षर काढलं नाही. आपल्याकडे 'बायकांच्या पोटात काही राहत नाही' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. भूक, मलेरिया यांनी आणखी आठ जणी दगावल्या आणि चोवीस परत आल्या. बुलविंकल टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या लवादापुढे साक्षीला उभी राहिली. मग मेलबर्नच्या फेअरफिल्ड हॉस्पिटलची मेट्रन झाली. १९७५ साली व्हिएतनाममधलं सायगाव पडायला आलं तेव्हा तिथल्या अनाथ मुलांना बाहेर काढायला गेलेल्या पथकात ती होती. ज्या बाईला युद्धानं एवढं दाखवलं ती साठीच्या उंबरठ्यावर पुन्हा युद्धाच्या गावात गेली. हे तुमच्या व्हिडिओत होतं का?

आता जे तुम्ही लिहिलं नाही पण सुचवलंत, त्याबद्दल. हो, त्या किनाऱ्यावर गोळ्यांच्या आधी अत्याचारही झाले, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१९ साली पुढे आणलं. आणि त्याविषयी बोलू नकोस, असं बुलविंकलला तिच्याच सरकारकडून सांगण्यात आलं होतं, हेही त्यांनी मांडलं. गुन्हा जपानी सैनिकांचा, आणि गप्प बसायचं त्या बाईनं. का? तर घरच्यांना लाज वाटू नये म्हणून. तुमचं 'वेगळं सांगायला नको' हे त्याच जातीचं वाक्य आहे, साहेब. कडू लागेल, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. मुलीवर संकट येईल ही काळजी बापाची असते. पण संकट आलं तर आपल्याला तोंड दाखवता येणार नाही, ही काळजी वेगळी असते. रात्री दिवा मालवल्यावर यातली तुमची कुठली, ते स्वतःलाच विचारा. मला कळवायची गरज नाही.

दुसरी एक तुकडी फिलिपीन्समधली. ती मी मुद्दाम सांगते, कारण तिच्यात नर्सिंग म्हणजे काय ते दिसतं. तिथे अमेरिकी लष्कराच्या ६६ आणि नौदलाच्या ११ नर्स जपान्यांच्या हाती लागल्या. नौदलाच्या जानेवारी १९४२ मध्ये मनिलातच सापडल्या. लष्कराच्या आधी बटानच्या जंगलात, झाडांखाली मांडलेल्या उघड्या वॉर्डांत काम करत होत्या आणि नंतर कोरेगिडोर बेटावरच्या मलिंटा बोगद्यातल्या दवाखान्यात. ६ मे १९४२ ला ते बेट पडलं. पुढे मनिलातल्या सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात, जवळपास चार हजार नागरी कैद्यांबरोबर, त्यांना कोंडलं. मुख्य नर्स कॅप्टन मॉड डेव्हिसन पन्नाशी ओलांडलेली, पहिल्या महायुद्धात काम केलेली, कडक बाई. तिनं पहिलं काय केलं? ड्युटीचा तक्ता लावला. प्रत्येकीनं रोज चार तासांची पाळी करायची, तीही खाकी गणवेशात. औषधं नाहीत, १९४४ पासून अन्नही नाही, माणसं भुकेनं सुजून मरताहेत, तरी पाळी चुकायची नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये सुटका झाली तेव्हा ७७ च्या ७७ जिवंत होत्या. त्या तक्त्यामुळेच जगल्या असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण सकाळी उठायला कारण असणं ही छावणीत लहान गोष्ट नव्हे. तुम्ही सीमेवर राहिलेला माणूस, तुम्हाला हे समजवावं लागणार नाही.

त्यांना आयुष्यभर कशाचं शल्य राहिलं माहीत आहे? कैदेपेक्षा एप्रिल १९४२ मधल्या त्या रात्रीचं. बटान पडणार म्हणून हुकूम आला आणि हजारो जखमींना खाटांवर तसंच सोडून त्यांना कोरेगिडोरला जावं लागलं. त्यांचा जीव वाचला तो क्षणच त्यांना सर्वांत जास्त सलत राहिला.

आणि डेव्हिसनला तिच्या वरिष्ठांनी सुचवलेलं मोठं पदक सैन्यानं तेव्हा नाकारलं. ते मिळालं २००१ साली. ती १९५६ मध्येच वारली होती.

तुमचा एक गैरसमज मात्र खोडायलाच हवा. 'नर्सला युद्धकैदी करतात' असं तुम्ही लिहिलंय. १९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार सैन्यातले डॉक्टर आणि नर्स शत्रूच्या हाती लागले तर ते युद्धकैदी ठरतच नाहीत. पकडलेल्या सैनिकांच्या उपचारासाठी गरज असेल तेवढ्यांनाच ठेवून घेता येतं, बाकीच्यांना परत पाठवायचं असतं. ठेवून घेतलेल्यांनाही युद्धकैद्यांपेक्षा कमी संरक्षण देता येत नाही आणि त्यांच्याकडून वैद्यकीय कामाशिवाय दुसरं काम करून घेता येत नाही. नर्सना युद्धकैदी धरायचं नाही, हे १९२९ च्या करारातही होतं, तरी १९४२ मध्ये ते पाळलं गेलं नाही, आणि युद्धकैद्यांबद्दलच्या १९२९ च्या करारावर जपाननं सही करूनही त्याला मान्यता दिलेली नव्हती. म्हणून तुमची मुलगी शंभर टक्के सुरक्षित, असं मात्र मी म्हणणार नाही. बटानच्या दवाखान्यावर रेड क्रॉसची खूण होती, तरी त्यावर बॉम्ब पडले. कागद गोळी अडवत नाही. पण आपल्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधल्या बहुतेकींची नोकरी एमएचमध्ये, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, आणि कमांड हॉस्पिटलांत जाते. पाय मोडला तेव्हा तुम्ही ज्या सिस्टरच्या हाताखाली दीड महिना होतात, तिचं कौतुक तुम्हीच लिहिलंय. तीही कुणाची तरी लेक होती, आणि तिच्या बापानं तिला पाठवली म्हणून तुमच्या पायाची पट्टी वेळेवर बदलली गेली.

खरा धोका हवा असेल तर तो जवळचा सांगते, जपानी नाही. आपल्याच देशात १९८८ साली या सेवेतल्या एका लेफ्टनंटला नोकरीतून काढलं. गुन्हा? तिनं लग्न केलं. तसा नियमच होता. तो १९९५ मध्ये गेला, आणि सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला ६० लाख रुपये द्यायला लावले. बाईनं छत्तीस वर्षं वाट पाहिली. तुमच्या घरात मामांनी आणलेलं स्थळ हाच नियम उलट्या बाजूनं लावतंय. बी.एस्सी. नर्सिंगच्या या प्रवेशाला मुलगी अविवाहित असावी लागते, म्हणजे यंदा हळद लागली की अर्ज भरायच्या आधीच दार बंद.

परीक्षेचं एका ओळीत: नीटचे गुण, मग बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकावरची चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी. पुण्यातलं एएफएमसी (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) आणि कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी हॉस्पिटल धरून देशात सहा कॉलेजं. चार वर्षांनी लेफ्टनंट, आणि आधीच नोकरीचा बॉण्ड. अटी यंदाच्या जाहिरातीत नीट वाचा. डीएमएलटी वाईट नाही, पण ते तिनं मागितलेलं नाही.

आता तिच्या बाजूनंही एक शंका आहे, आणि तीसुद्धा तितकीच स्पष्ट विचारते. पत्रात एके ठिकाणी तुम्ही लिहिलंय, 'तिला वर्दीची आवड आहे.' वर्दी आवडणं आणि नर्सिंग आवडणं यांत फार अंतर आहे. फक्त वर्दी हवी असेल तर एनडीए २०२२ पासून मुलींना खुली आहे, पदवीनंतर चेन्नईची ओटीए, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी, आहे, पोलीस आहे. त्यासाठी बेडपॅन उचलायची गरज नाही. नर्सिंगमध्ये ती रोज आहे. जखमेचा वास आहे, नाइट ड्युटी आहे, वॉर्डात कुणी दगावलं तरी शेजारच्या खाटेचं इंजेक्शन वेळेवर द्यायचं आहे. आतापर्यंत तिनं हे किती पाहिलंय? तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे तिला आठ दिवस सकाळ-संध्याकाळ बसू द्या. शक्य झालं तर एखाद्या रात्रीही. तुम्ही बरोबर जाऊ नका. आठव्या दिवशी ती 'नको' म्हणाली तर तो नकार तिचा असेल, आणि मग मी आनंदानं दुसरे मार्ग सुचवीन. 'हवंच' म्हणाली तर मामांना फोन करून स्थळ थांबवायचं काम तुमचं. आईवर ढकलू नका.

पुढचं पत्र तिच्या अक्षरात यावं. पाकीट तिनंच चिकटवावं.