न्यू जर्सीत आमचे स्नेही पहिल्यांदाच टाउनशिप कौन्सिलची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) लढवतायत. मराठी लोकांचा पाठिंबा कसा जमवायचा? मेळावा घ्यावा का?

घ्या, पण त्यावर विसंबू नका. पोळलेल्याचा सल्ला आहे.

काही वर्षांपूर्वी माझा एक मित्र असाच पहिल्यांदा उभा राहिला होता. मे महिन्यातल्या शनिवारी हॉल घेतला, वडापाव-चहा ठेवला, दीडेकशे माणसं आली. टाळ्या, फोटो, जो तो 'आपला माणूस' म्हणत होता. आम्ही जिंकल्यातच जमा! रात्री खुर्च्या उचलताना एका काकूंनी सहज विचारलं, "यातले मत देणारे किती रे?" यादी काढली तर निम्मे एच-वन व्हिसावाले नाहीतर ग्रीन कार्डवाले, म्हणजे नागरिकच नाहीत; बरेच शेजारच्या गावचे, दोघं-तिघं चक्क दुसऱ्या पक्षात नोंदलेले. उरले पंचवीस-तीस. त्यांतही आधी कधी प्रायमरीला गेलेले चार-पाच.

म्हणून आधी मतदार यादी मिळवा. कुणी कुणाला मत दिलं ते त्यात नसतं, पण कोण कुठल्या निवडणुकीला गेलं ते कळतं. दरवेळी प्रायमरीला जाणाऱ्यांची दारं आधी वाजवा, मग ते आजोबा इटालियन का असेनात. नुसत्या आपल्या माणसांवर गावाची निवडणूक निघत नाही. (पत्रक दारात अडकवा, मेलबॉक्समध्ये टाकू नका. ते बेकायदेशीर आहे.)

आपल्यात नवे नागरिक झालेले पुष्कळ जण कुठल्याच पक्षात नोंदलेले नसतात, आणि 'मग मला प्रायमरीत मत नाही' असं समजून घरी बसतात. न्यू जर्सीत तसं नाही. असा मतदार त्या दिवशी केंद्रावर पक्ष सांगून मत देऊ शकतो. दुसऱ्या पक्षात नोंद असेल तर मात्र ती ५५ दिवस आधी बदलावी लागते. नवी मतदार नोंदणी २१ दिवस आधीपर्यंत. एच-वनवाले बिनपगारी राबू शकतात, पण त्यांच्याकडून एक डॉलरही घेऊ नका. ग्रीन कार्डवाल्यांची देणगी चालते.

तुमच्या स्नेह्यांचं एक नशीब बरं. पूर्वी बहुतेक काउंट्यांत पक्षसंघटनेची माणसं मतपत्रिकेवर एका रांगेत झळकायची आणि आमच्या मित्रासारखे कुठेतरी कोपऱ्यात. त्या जागेला इथे सैबेरियाच म्हणत. २०२४ मध्ये सिनेटसाठी उभे असलेल्या अँडी किम यांच्या दाव्यावर न्यायालयाने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ती रांग मोडली, पुढे कायदाही बदलला. आता पदानुसार सगळी नावं एकत्र येतात.

आणि मेळावा घ्यायचाच तर मार्चमध्ये घ्या. प्रायमरी जूनच्या सुरुवातीला, म्हणजे पक्ष बदलायची मुदत एप्रिलमध्येच संपते. हॉलच्या दाराशी टेबल टाकून दोन पोरं बसवा. वडापावची प्लेट हातात देण्याआधी एवढंच विचारायचं: मत याच गावात ना? नोंद कुठल्या पक्षात?