घडी घातलेला दाखला

बारावीचा निकाल लागला की नागपुरातल्या मानेवाड्याच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न फिरून फिरून येतो: "मॅडम, स्कॉलरशिप भेटन का हो?" मी लगेच फॉर्म उघडत नाही. आधी बघते, कागदांची फाईल कोणी आणि कशी धरली आहे.

एका मुलीने ती पोटाशी घट्ट धरली होती. ओबीसी, सीईटीला बरे गुण, मन इंजिनिअरिंगवर आणि तोंडात मात्र "बीए करते ना, काय होते!" वडील ई-रिक्षा चालवतात. तीन भेटी महाडीबीटीवरच, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरच गेल्या. कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, की ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 2024-25 पासून माफ आहे. हे तिला माझ्याआधी पाठ! तरी उत्पन्नाचा दाखला काही अपलोड होईना.

चौथ्या भेटीत तो बाहेर आला. चार घड्या, आकडा आत.

"पाहिलास?"

"नाही. बाबांनी घडी करूनच दिला. उघडला तर त्यांना वाटन, मी त्यांची कमाई मोजली."

मूल माझ्याकडे एकटं येतच नाही, अख्खं घर घेऊन येतं, असं मी पहिल्यापासून मानत आले. पुढच्या वेळी वडिलांना बोलावलं. कागद मध्ये ठेवला आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जमतं, वीस वर्षांत तेवढं कमावलंय.

शेवटी त्यांनीच घडी मोडली. "एक लाख वीस हजार. माह्या मेहनतीचे आहेत."

"मग घडी काऊन घातली?" लेकीने विचारलं.

ते खिडकीकडे पाहून म्हणाले, "तू पाहशील म्हणून."

पोरगी रडता रडता हसली.

आईबापांनो, घरचा आकडा मुलांसमोर मोठ्याने बोला. मग कामं सुचतात. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच टाका, नॉन-क्रीमी लेयर दाखल्याची मुदत तपासा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही दाखवलेल्या पासबुकात नव्हे, म्हणून बँकेत एकदा विचाराच. शुल्कमाफीत सगळं येत नाही, पुस्तकं आणि कॉलेजचे इतर आकार बाजूला धरा. आणि अर्ज दरवर्षी नव्याने.

दाखल्याचा फोटो दोनदा नापास झाला, घडीची रेघ नेमकी आकड्यावर. तिसऱ्या वेळी वडिलांनी दोन्ही हातांनी कोपरे दाबून धरले, लेकीने मोबाईल वर नेला.