आयुष्याला दहापैकी किती गुण?

प्रश्न : माझे वय ५८. घरात दोन नातवंडे आहेत, भिशीच्या मैत्रिणी आहेत. दिवस हसतखेळत जातो. परवा भाचीने विचारले, "मावशी, तुझ्या आयुष्याला दहापैकी किती गुण देशील?" माझ्या तोंडून चटकन "पाच" निघाले. माझे रोजचे हसणे वरवरचे आहे का?
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : तुमचे हसणे खरे आहे आणि ते पाच गुणही खरे आहेत, कारण ही दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. भाचीचा प्रश्न अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या शिडीसारखाच आहे : आपल्याला लाभू शकणारे सर्वांत चांगले आयुष्य दहाव्या पायरीवर, सर्वांत वाईट शून्यावर, तर आज आपण कुठे? २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात १४७ देशांत भारत ११८वा आला, तो याच शिडीवरून. काल तुम्ही खूप हसलात का, हेही लोकांना विचारले जाते, पण क्रमवारीत ते धरत नाहीत. शिडीपुढे उभे राहिले, की राहून गेलेले शिक्षण, सोडलेली नोकरी, भावंडांची भरभराट हे सारे डोळ्यांसमोर येते, आणि कालची हसरी संध्याकाळ मात्र हिशेबात येतच नाही.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने लिहून काढायला आणि प्रत्येक वेळी मनाला काय वाटत होते ते नोंदवायला सांगितले. माणसांत मिसळण्याचा वेळ वर आला, कामावर जाण्यायेण्याचा तळाशी गेला, आणि मुलांचे करण्यात गेलेला वेळ अपेक्षेपेक्षा बराच खाली राहिला. मुले म्हणजे सर्वस्व असे मनापासून मानणारी आईसुद्धा डबा, गृहपाठ आणि आंघोळीच्या धांदलीत दमते, वैतागते. म्हणून तिची माया खोटी ठरत नाही. तुमच्याकडे याच्या उलट घडले आहे, इतकेच : दिवस हसरा, पण आयुष्याला गुण कमी.

तरीही ते पाच गुण सोडून देऊ नका, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. चार-पाच दिवसांच्या अंतराने, वेगवेगळ्या मनःस्थितीत तोच प्रश्न स्वतःला पुन्हा विचारा आणि सहावी पायरी कशामुळे गाठली असती, ते एका ओळीत लिहा. उत्तर अपुरे शिक्षण असे आले, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात या वयातही प्रवेश घेता येतो. एखाद्या नात्यातला दुरावा असे आले, तर आधी भाचीशीच बोला, कारण विचारणारी तीच आहे.