टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: चौथ्या पिढीचा आय-५ आणि ८ जीबी रॅम असलेला जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडलाय. फुल एचडी सिनेमे झकास चालतात, पण फोर-के फाइल अडखळते आणि पंखा घोंघावतो. रॅम १६ जीबी केली तर भागेल का?

उत्तर: नाही. सिनेमा बघायला ८ जीबी पुष्कळ झाली. फोर-के फाइल बहुतेक वेळा १०-बिट एचईव्हीसी या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीत असते. ती उलगडणारं सर्किट ग्राफिक्स चिपमध्येच (जीपीयूत) असावं लागतं. इंटेलच्या चौथ्या पिढीत ते नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर येतो. १०-बिट एचईव्हीसी सातव्या पिढीपासून नीट चालतं, एव्ही१ ही तशीच नवी पद्धत अकराव्या पिढीपासून. खात्री करायची तर फाइल चालू असताना टास्क मॅनेजर उघडा: सीपीयू नव्वदीच्या वर आणि जीपीयूमधला ‘व्हिडिओ डीकोड’चा आलेख सपाट दिसला, की दुखणं हेच.

त्यासाठी अख्खा डबा बदलू नका. जीटी १०३० सारखं छोटं ग्राफिक्स कार्ड जेमतेम ३० वॅट खातं, त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही. एव्ही१ मात्र त्यालाही जमत नाही. कॅबिनेट अरुंद असेल तर कार्डासोबत ते कॅबिनेटला बसवायची अर्ध्या उंचीची पट्टी येते ना, ते आधी बघा. आणि एचडीएमआय केबल कार्डाला लावा! निम्मे लोक ती मदरबोर्डलाच ठेवतात. तिथलं एचडीएमआय १.४ फोर-के फक्त ३० हर्ट्झवर (सेकंदाला ३० चित्रं) देतं, माउसचा बाणसुद्धा रेंगाळतो.

प्रश्न: कोडी या सिनेमे चालवायच्या प्लेअरमध्ये कॅमेरा आडवा फिरला की चित्र झटके खातं. फाइल खराब आहे का?

उत्तर: फाइल ठीक असणार. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, टीव्ही ६० हर्ट्झवर. भाग पुरा जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा दिसते, पुढची दोनदा. प्लेअर सेटिंग्जमध्ये व्हिडिओखाली ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ हे ‘ऑन स्टार्ट/स्टॉप’वर ठेवा. सुरुवातीला पडदा क्षणभर काळा होईल, तो बिघाड नव्हे. त्यात पहिला संवाद हुकत असेल तर रिफ्रेश रेट बदलल्यानंतरचा ‘डिले’ दोन-तीन सेकंदांनी वाढवा.

प्रश्न: हार्ड डिस्क लावली की वायरलेस कीबोर्ड अक्षरं गाळतो.

उत्तर: यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, आणि कीबोर्ड तिथेच बोलतो. कीबोर्डचा यूएसबी रिसीव्हर डिस्कच्या शेजारून काढा, अर्धा मीटरच्या एक्स्टेन्शन केबलने पुढे आणा. सेल नंतर बदला.