मुदत संपलेली डोमेन नावे : मिळवावीत कशी, मोल ठरवावे कसे

प्रश्न : मी परसोडी येथील आयटी पार्कमध्ये नोकरी करतो. मुदत संपलेली डोमेन नावे (म्हणजे नूतनीकरण न झालेले संकेतस्थळांचे पत्ते) घेऊन पुढे विकण्याचा जोडधंदा करावा, असा विचार आहे. डॉट कॉममधील चांगली नावे आवाक्याबाहेर असल्याने डॉट इन्फो, डॉट बिझ, डॉट एक्सवायझेड किंवा डॉट को डॉट इन अशा कमी चलनातल्या एक्स्टेन्शनकडे, म्हणजे नावाच्या शेवटी लागणाऱ्या शेपटाकडे, वळावे का? अशी नावे नेमकी केव्हा हाती लागतात?
(एक वाचक, मानेवाडा, नागपूर)

उत्तर : मुदत संपली म्हणजे नाव लगेच मोकळे झाले, हा समज प्रथम दूर करावा. डॉट इन्फो, डॉट बिझ, डॉट एक्सवायझेड यांसारख्या सर्वसाधारण एक्स्टेन्शनमध्ये मुदत उलटल्यावर रजिस्ट्रार (नावाची नोंदणी करून देणारी कंपनी) ते नाव जास्तीत जास्त 45 दिवस स्वतःकडे ठेवू शकतो. या काळात जुन्या मालकाला बहुधा नेहमीच्या शुल्कात नूतनीकरण करता येते. त्यानंतर 30 दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो आणि त्यात जुन्या मालकाला बराच जादा आकार भरावा लागतो. त्याही पुढे 5 दिवस नाव पुसले जाण्याच्या रांगेत असते. तेव्हा कोणालाच काही करता येत नाही आणि मगच ते सर्वांसाठी खुले होते.

प्रत्यक्षात मात्र बरीच नावे खुली होण्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मोठे रजिस्ट्रार पहिल्याच टप्प्यात त्यांचा लिलाव करतात. अशा लिलावात बोली जिंकल्यावरही जुन्या मालकाने वेळेत पैसे भरले तर व्यवहार रद्द होतो आणि आपली रक्कम परत येते. त्यामुळे नाव खात्यात दिसेपर्यंत ते कोणाला विकण्याचा शब्द देऊ नये. जी नावे शेवटपर्यंत सुटतात, त्यांच्यासाठी बॅकऑर्डर घेणाऱ्या कंपन्या असतात. नाव मोकळे होताच त्यांची यंत्रणा ते टिपण्याचा प्रयत्न करते. नाव मिळाले तरच पैसे, अशी अनेकांची पद्धत आहे. कमी चलनातल्या एक्स्टेन्शनचा खरा फायदा येथे आहे. डॉट कॉमवर जशी झुंबड उडते तशी येथे उडत नाही आणि पुष्कळदा नाव सुटल्यानंतर साध्या नोंदणी शुल्कातही ते मिळून जाते.

तथापि, इतके सहज मिळणारे नाव जुन्या मालकाने का सोडले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलाच पाहिजे. नव्या एक्स्टेन्शनमध्ये पहिले वर्ष शे-दोनशे रुपयांत मिळते आणि दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरणासाठी हजार, दोन हजार किंवा त्याहून अधिक पैसे मोजावे लागतात. पुष्कळ नावे केवळ या फरकामुळे सुटतात. शिवाय रजिस्ट्री (त्या एक्स्टेन्शनचा कारभार पाहणारी संस्था) काही नावांना ‘प्रीमियम’ ठरवते आणि मग दर वर्षीचे शुल्कही चढेच राहते. म्हणून बोली लावण्यापूर्वी खरेदीच्या किमतीआधी नूतनीकरणाचा दर पाहावा. नव्या एक्स्टेन्शनची रजिस्ट्री हा दर वाढवू शकते, मात्र तिला 180 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि तेवढ्या अवधीत जुन्या दराने 10 वर्षांपर्यंतचे नूतनीकरण करून ठेवता येते. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

डॉट को डॉट इनची गोष्ट निराळी आहे. देशांची एक्स्टेन्शन आपापल्या नियमांनी चालतात. डॉट इन आणि त्याखालील डॉट को डॉट इन, डॉट नेट डॉट इन ही निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) या संस्थेच्या अखत्यारीत येतात. 2005 साली डॉट इन सर्वांना थेट खुले झाले आणि त्यानंतर डॉट को डॉट इनचे आकर्षण ओसरत गेले. नागपुरातील गिऱ्हाइकाला ते ओळखीचे वाटते, एवढी जमेची बाजू मात्र आजही आहे. माझे स्पष्ट मत असे, की आपण परदेशी गिऱ्हाइकांच्या अपेक्षेने डॉट बिझ गोळा करण्याऐवजी ज्यांचे व्यवसाय आपल्याला जवळून माहीत आहेत अशांना उपयोगी पडतील अशी मोजकी नावे घ्यावीत.

प्रश्न : शहराचे नाव आणि ‘प्लॉट्स’ हा शब्द जोडून झालेले एक डॉट इन्फो नाव त्याचा मालक 25,000 रुपयांना देतो आहे. किंमत सांगणाऱ्या एका संकेतस्थळाने त्याचे मूल्य 1,500 डॉलर दाखवले. बेसा आणि वर्धा रोड भागात जमिनीचे व्यवहार जोरात असल्याने हे नाव चांगले विकले जाईल, असे यजमानांना वाटते. घ्यावे का?
(एक वाचिका, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : या किमतीला घेऊ नये.

यंत्राने काढलेली किंमत ही पूर्वीच्या विक्रीच्या नोंदींवर आणि शब्दांच्या शोधांवर बेतलेली असते. डॉट कॉमच्या विक्रीच्या नोंदी विपुल आहेत, डॉट इन्फोच्या त्यामानाने तुरळक. त्यामुळे एका एक्स्टेन्शनचा भाव दुसऱ्याला चिकटतो आणि आकडा फुगतो. नेमबायोसारख्या विक्रीच्या नोंदवहीत जाऊन त्याच एक्स्टेन्शनमधील, त्याच घडणीची, म्हणजे शहर आणि व्यवसाय जोडलेली नावे प्रत्यक्षात कितीला गेली, ते पाहावे. तेथेही न विकली गेलेली नावे दिसत नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे असे, की हेच नाव डॉट कॉम आणि डॉट इनमध्ये कोणाकडे आहे? तेथे चालता व्यवसाय असेल, तर आपल्याकडे येऊ पाहणारे गिऱ्हाईक आणि त्याची ईमेल चुकून तिकडे जाणार. डॉट इन रिकामे असेल किंवा थोड्या पैशांत विकाऊ असेल, तर बेसा येथील कोणता बिल्डर डॉट इन्फोसाठी अधिक मोजेल? कमी चलनातल्या नावाची कमाल किंमत बहुधा त्याच्या थोरल्या भावंडांच्या उपलब्धतेवरून ठरते. डॉट इन्फो माहितीच्या संकेतस्थळाला शोभते, विक्रीच्या दुकानाला तेवढे नाही. शब्द आणि एक्स्टेन्शन यांचा असा मेळ बसला तरच त्या नावाला स्वतःचे मोल येते. फोनवर एकदा उच्चारून समोरच्याला ते अचूक लिहिता येते का, हेही करून पाहावे.

तिसरा मुद्दा सांभाळखर्चाचा. समजा, आपल्या यजमानांनी अशी 40 नावे जमवली आणि प्रत्येकाचे नूतनीकरण 1,500 रुपयांचे आहे, तर वर्षाला 60,000 रुपये केवळ ती राखण्यात जातील. वर्षभरात दोन नावे विकली गेली, तर दलाली वजा जाता प्रत्येकी 30,000 रुपये हाती आल्यावर कुठे बरोबरी होईल आणि त्यात खरेदीची रक्कम अजून धरलेलीच नाही.

आणि सातबारा पाहिल्यावाचून जमीन घेत नाहीत, तसे पूर्वेतिहास पाहिल्यावाचून जुने नाव घेऊ नये. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पत्त्यावर पूर्वी काय होते, ते वर्षवार पाहता येते. मध्येच परकीय भाषेतील जुगाराची किंवा औषधांची पाने दिसली तर तेथूनच मागे फिरावे. नकोशा ईमेलवर नजर ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या काळ्या यादीत नाव असेल तर त्यावरून पाठवलेली ईमेल पोहोचणे दुरापास्त होते. जुन्या नावाला इतर संकेतस्थळांवरून येणाऱ्या दुव्यांमुळे गूगलवर आयते वरचे स्थान मिळते, असे विक्रेते सांगतात. पण केवळ तेवढ्यासाठी जुने नाव घेऊन त्यावर निकृष्ट मजकूर टाकणे गूगलने मार्च 2024 मध्ये स्पॅमच्या धोरणात स्पष्टपणे निषिद्ध ठरवले आहे.

हे नाव आपण स्वतः वापरणार असाल, तेथे वर्धा रोडवरील लेआउटची मंजुरी, दर, रस्ते यांची खरीखुरी माहिती देणार असाल, तर तीन-चार हजारांपर्यंत देण्यास हरकत नाही.

प्रश्न : इतवारीत आमचे कापडाचे जुने दुकान आहे. दुकानाच्या नावाचे डॉट को डॉट इन नूतनीकरणाअभावी गेले आणि आता एक अनोळखी माणूस त्याचे 40,000 रुपये मागतो आहे. काय करावे?
(एक व्यापारी, इतवारी, नागपूर)

उत्तर : पैसे देण्याआधी आजच एक काम करा. त्या डोमेनवरील ईमेल पत्ता आपण बँक, जीएसटी किंवा अन्य खात्यांना दिला असेल, तर तो सगळीकडे बदलून घ्या. नाव ज्याच्या ताब्यात, त्या पत्त्यावर येणारी पत्रे त्याच्याकडे वळू शकतात आणि पासवर्ड बदलण्याचा दुवाही त्यालाच मिळू शकतो. चाळीस हजारांपेक्षा हा धोका मोठा आहे.

डॉट इन नावांच्या तंट्यांसाठी निक्सीची लवादाची पद्धत आहे. तेथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : नाव आपल्या हक्काच्या नावासारखे आहे, समोरच्याचा त्यावर वैध हक्क नाही, आणि त्याने ते दुष्ट हेतूने नोंदवले किंवा वापरले आहे. ट्रेडमार्कची नोंदणी असल्यास बाजू भक्कम होते, पण नसली तरी सर्व संपले असे नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या 2004 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, असे मानले आहे. दुकानाच्या जुन्या पावत्या, जाहिराती, पाट्यांची छायाचित्रे जमवा, त्या माणसाची मागणी लेखी घ्या आणि वकिलाला भेटा. आडनाव किंवा सर्वसामान्य शब्द असेल, तर मात्र घासाघीस करून मोकळे होणे अधिक स्वस्त पडेल. पहिल्या प्रश्नकर्त्यानेही हे वाचावे. दुसऱ्याच्या दुकानाचे सुटलेले नाव उचलणे हा व्यापार नव्हे.

प्रश्न : डॉट आयओ बंद होणार, असे ऐकतो. त्यातील मुदत संपलेली नावे घेणे योग्य आहे का? डॉट एआय बरे का?
(एक विद्यार्थी, सदर, नागपूर)

उत्तर : डॉट आयओ हे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचे एक्स्टेन्शन आहे. या प्रदेशातील चागोस बेटे मॉरिशसकडे सोपवण्याचा समझोता ब्रिटनने ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केल्यामुळे ही शंका निघाली आणि मे 2025 मध्ये तसा करारही झाला. देशाचा किंवा प्रदेशाचा दोन अक्षरी संकेत रद्द झाला तर त्याचे एक्स्टेन्शनही कालांतराने मावळते. युगोस्लाव्हियाचे डॉट वाययू 2010 मध्ये असेच संपले. मात्र डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या धोरणानुसार संकेत हटवल्यानंतरही साधारण पाच वर्षांचा अवधी मिळतो आणि तो वाढवताही येतो. त्यामुळे स्वतःच्या प्रकल्पासाठी घ्यावयास भिऊ नये, पण दहा वर्षांनी मोठी किंमत येईल या भरवशावर साठा करू नये. डॉट एआय अँग्विला या कॅरिबियन बेटाचे आहे. त्याला सध्या मागणी आहे, पण तेथे एका वर्षाची नोंदणी मिळत नाही, किमान दोन वर्षांची घ्यावी लागते. तेव्हा बोलीची मर्यादा ठरवताना दोन वर्षांचे शुल्क आधीच वजा करून घ्यावे.