दाढेसाठी मिनी इम्प्लांट चालेल का?

प्रश्न : खालची एक दाढ काढून बरीच वर्षं झाली. तिथलं हाड अरुंद झालंय. ग्राफ्ट (हाड भरणं) टाळून मिनी इम्प्लांट (कृत्रिम दाताला आधार म्हणून हाडात बसवायचा बारीक स्क्रू) बसवावं का?

उत्तर : आमचं मत, नको. मिनी इम्प्लांटचा व्यास ३ मि.मी.पेक्षा कमी असतो. ते मुख्यतः कवळी घट्ट धरण्यासाठी. दाढेवरच्या चावण्याच्या जोराने ते सैल होऊ शकतं, मोडूही शकतं. इथे साधारण ४ ते ५ मि.मी.चं टायटॅनियम इम्प्लांट हवं आणि त्याच्या दोन्ही अंगांना किमान १ मि.मी. हाड. आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) कराच. खालच्या जबड्यातल्या नसेपासून इम्प्लांटचं २ मि.मी. अंतर राखावं लागतं. ग्राफ्ट लागल्यास चार-सहा महिने थांबा. कॅप (इम्प्लांटवरचा दात) शक्यतो स्क्रूने बसणारी घ्या, सिमेंटने चिकटवलेली नको. सिमेंट हिरडीखाली उरलं तर सूज येऊन हाड झिजतं. मधुमेह असेल तर आधी आटोक्यात आणा, धूम्रपान बंद करा.