'हेकलर' या शब्दाचा जवसाशी खरंच संबंध आहे का?

हो, खरंच आहे. स्टँडअप शोमध्ये मधूनच ओरडून कॉमेडियनला पिडणारा तो हेकलर, हे तुम्हाला माहितीच आहे, पण हेकल म्हणजे मुळात फणी. केसांची नाही हं, लाकडी फळीवर टोकदार पोलादी खिळे उभे ठोकलेली.

आपण जवस ओळखतो चटणीपुरता, पण युरोपात त्याच्या उंच वाढणाऱ्या जातींच्या देठापासून लिनन काढतात. रोप मुळासकट उपटायचं, पाण्यात नाहीतर दवात कुजवायचं (आपल्याकडे वाखासाठी अंबाडी कुजवतात तसंच), वाळलं की कुटून आतली काडी झटकून टाकायची आणि मग उरलेला झुपका मुठीत घट्ट धरून हेकलवर टाकायचा नि ओढायचा, परत टाकायचा परत ओढायचा, आधी विरळ खिळ्यांवर मग दाट खिळ्यांवर. लांब, सरळ, केसांसारखे तंतू हातात राहतात, तुटका गुंता खिळ्यांत अडकतो. त्या गुंत्याला 'टो' म्हणतात. हे काम करणारा तो हेकलर. कवी रॉबर्ट बर्न्ससुद्धा १७८१ मध्ये स्कॉटलंडच्या आयर्विन गावात हाच धंदा शिकायला गेला होता, नवीन वर्षाच्या धामधुमीत दुकानच जळालं आणि विषय संपला!

आता इंटरनेटवर सगळीकडे फिरणारी गोष्ट अशी की स्कॉटलंडमधल्याच डंडी शहरातले हेकलर फार भांडखोर, एकजण पेपर वाचून दाखवायचा आणि बाकीचे काम करता करता त्यावर वाद घालायचे, तिथून हा अर्थ आला. गोष्ट मस्त आहे पण मला ती पूर्ण पटत नाही, कारण जर्मन आणि डचमध्येही एखाद्याला 'हेकलवरून ओढणं' म्हणजे त्याची सालटी काढणं असाच वाक्प्रचार आहे, आणि तिथे डंडीचा काय संबंध? मला वाटतं अर्थ त्या खिळ्यांतूनच आलाय. आपण नाही का 'अख्खा गाव पिंजून काढला' म्हणतो, ते कापूस पिंजण्यावरूनच ना.

वापराचं म्हणाल तर स्कॉटलंडमधल्या जुन्या निवडणुकांच्या बातम्यांत 'उमेदवाराला हेकल केलं' असं दिसलं तर आरडाओरडा समजू नका, भर सभेत उलटसुलट प्रश्न विचारून त्याला घाम फोडला असा त्याचा अर्थ. नुसतं मध्ये मध्ये ओरडणं हा अर्थ नंतरचा.